बफेलोच्या वाचकांस: 46 डॉलरचा हिशेब

कॅनडातून अमेरिकेत पार्सल पाठवणं का महागलं, यावर मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. त्याखाली अमेरिकेतल्या बफेलोच्या एका वाचकांनी परवा रात्री मोठी प्रतिक्रिया टाकली आहे. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. त्यांनी बहिणीच्या बाळासाठी माझ्याकडे, म्हणजे कॅनडातल्या मिसिसागाहून, बाळंतविडा मागवला. विडा 65 डॉलरचा, शिपिंग 46. त्यावर ते लिहितात: ‘ताई, मिसिसागा ते बफेलो गाडीने दोन तास. एवढ्या अंतराचे 46 डॉलर? पोस्टाच्या नावाखाली नफा काढताय हे न कळायला आम्ही दूधखुळे नाही. मराठी माणूस धंद्यात मागे का, ते अशाने कळतं.’ पुढे आणखी तक्रारी आहेत: पार्सल अजून निघालं नाही, माल परत घेत नाही, डॉलर कुठले ते लिहिलेलं नाही, 46 कशाकशाचे ते फोडून दाखवत नाही, आणि चीनहून तर वस्तू फुकट घरपोच येते.

खासगीत विचारलं असतंत तर खासगीत उत्तर दिलं असतं. चारचौघांत चोर ठरवलंत, तेव्हा उत्तरही चारचौघांतच घ्या.

आधी एक मान्य करते. किंमत कॅनडाच्या डॉलरमध्ये आहे हे आकड्याशेजारी लिहिलेलं नव्हतं. ते आता लिहिलं आहे. तुमच्या पैशांत ते 46 साधारण 33 होतात, एवढं मात्र आरोप करण्याआधी बँकेच्या मेसेजमध्ये बघता आलं असतं.

पण माझं खरं दुखणं आकड्याचं नाही. शंका विचारायला माझी कधीच हरकत नव्हती. या पानावर माझ्याशी कडाकडा भांडणारे वाचक आहेत आणि त्यांच्याकडून मी पुष्कळ शिकले आहे. तुम्ही मात्र विचारलंच नाहीत. ‘ताई’ म्हणून सुरुवात केलीत आणि तिसऱ्या वाक्यात निकाल देऊन मोकळे झालात. वर सगळ्या मराठी माणसांना त्यात ओढलंत. माझ्या शिपिंगशी त्यांचा काय संबंध? आणि 46 हा आकडा पैसे भरायच्या आधी तुमच्यासमोर होता. तो बघून, पटवून घेऊन तुम्ही पैसे भरलेत.

आता नफ्याचं. तुम्ही त्या 46 डॉलरना पोस्टेज समजून चालला आहात. त्यातला मोठा हिस्सा पोस्टाचा नाहीच, तुमच्या सरकारचा आहे. 2016 पासून अमेरिकेत माणशी दिवसाला 800 डॉलरपर्यंतचा माल बाहेरून विनाशुल्क येत असे, त्याआधी ही मर्यादा 200 होती. आमच्यासारखे घरून धंदा करणारे त्या 800 च्या आधारावरच उभे राहिले. 29 ऑगस्ट 2025 ला ती सवलत सगळ्या देशांसाठी बंद झाली. तेव्हापासून कॅनडातून टपालाने काही विकायचं तर अमेरिकेचं आयात शुल्क पाठवणाऱ्याने आधी भरायचं, तरच पार्सल पुढे जातं. म्हणजे तुमचं शुल्क मी भरते, तेही पार्सल पोस्टात द्यायच्या आधी.

किती शुल्क? दर 2025 चे धरते. इथे माल कुठून पाठवला याला किंमत नाही, तो मूळ कुठला हे बघतात. माझ्या विड्यात गोधडी आणि दुपटी मिळून 40 डॉलरची आहेत. शिवते मी मिसिसागात, पण कापड इचलकरंजीचं. गोधड्या, पांघरुणं, उशांचे अभ्रे अशा वस्तूंना अमेरिकेचा नियम साधारणपणे असा की जिथे कापड विणलं तो देश मूळ देश. त्यामुळे माझ्या हातची गोधडी तुमच्या सीमेवर भारतीय ठरते, आणि भारतीय मालावर 27 ऑगस्ट 2025 पासून 50 टक्के शुल्क लागलं. झाले 20 डॉलर. झबली-टोपडी 25 डॉलरची. शिवलेल्या कपड्यांना जिथे सगळं जोडकाम झालं तो देश धरतात, म्हणून ती कॅनडाची. तुम्ही म्हणाल, मग कॅनडा-अमेरिका-मेक्सिको कराराची सूट घ्या. ती सूट मिळायला सुतापासून पुढचं सगळं काम या तीन देशांतच झालेलं लागतं, इचलकरंजीचं कापड त्यात बसत नाही. करारात न बसणाऱ्या कॅनडाच्या मालावर 1 ऑगस्ट 2025 पासून 35 टक्के लागलं. झाले 8 डॉलर 75 सेंट. एकूण 28.75.

46 मधून 28.75 गेले की उरले 17.25. त्यात खोकं, शुल्क भरून देणाऱ्या कंपनीची फी आणि खुद्द पोस्टेज. विड्याचं वजन दीड किलोच्या आसपास भरतं. अमेरिकेला जाणाऱ्या स्वस्त पाकिटाची मर्यादा एक किलो, आणि लांबी-रुंदी-उंची मिळून 90 सेंटिमीटर. गोधडी कितीही घट्ट दाबली तरी त्यात मावत नाही, म्हणून ते पार्सल म्हणूनच जातं आणि त्याचा दर पोस्ट मला देतं त्या सवलतीनंतरही विशीच्या खाली येत नाही. वरचे पैसे पदरचे घालते. हा तुम्हाला दिसलेला नफा.

‘गाडीने दोन तास’ याबद्दलही सांगते, कारण हे वाक्य मी फार जणांकडून ऐकते. पोस्टाच्या दृष्टीने तुम्ही दोन तासांवर नाही आहात, दुसऱ्या देशात आहात. मधे सीमाशुल्काचा फॉर्म, मालाचा सहा आकडी कोड, दोन देशांच्या टपालखात्यांची देवघेव. अंतरच मोजायचं तर हेही बघा: एक किलोच्या आतलं पाकीट मिसिसागाहून आमच्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, व्हँकुव्हरला पाठवण्यापेक्षा अमेरिकेत पाठवणं अनेकदा स्वस्त पडतं. आमच्याकडे देशांतर्गत टपालच महाग आहे. देश अवाढव्य, माणसं चार कोटींच्या थोडी वर, आणि पत्रं कोणी लिहीत नाही. 2006 साली कॅनडा पोस्टने साडेपाच अब्ज पत्रं वाटली, 2023 मध्ये जेमतेम सव्वादोन अब्ज. 2024 सालचा त्यांचा करपूर्व तोटा 84 कोटी डॉलरच्या पुढे गेला. जानेवारी 2025 मध्ये सुटं तिकीट 1.15 वरून 1.44 डॉलर झालं. हा भार पाठवणाऱ्यांवर पडतो.

पूर्वी आमच्यातले पुष्कळ जण सीमेवरचा पूल ओलांडून पलीकडच्या लुइस्टन किंवा नायगारा फॉल्सला जाऊन अमेरिकेच्या पोस्टात माल टाकत, किंवा तसं करून देणाऱ्या कंपन्यांकडे सोपवत. ते गणितही त्या 800 च्या सवलतीवर बसलेलं होतं. आता विकायचा माल गाडीत घालून बफेलोच्या सीमेवरच्या पुलावर, पीस ब्रिजवर, गेले तरी शुल्क चुकत नाही.

पोस्टाच्या बाबतीत मला शिकवू नका. मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या पोस्टमास्तरांची मुलगी आहे. पांढऱ्या कापडात शिवलेली, लाखेचे ठसे मारलेली पार्सलं ज्या खोलीत तोलली जायची, तिच्या मागच्या खोलीत मी वाढले. मुंबईच्या लेकाने आईला पाठवलेल्या मनिऑर्डरचे पैसे माझे वडील मोजून हातात ठेवायचे आणि अंगठा घ्यायचे. एका पैशाची तफावत आली तर रात्री कंदील लावून वही तपासत बसायचे. त्यांच्या मुलीवर पोस्टाच्या नावाखाली पैसे काढल्याचा आरोप होतो आहे. इथे आल्यावर मी गोदामात रात्रपाळ्या करून खोकी भरली, मग शिलाई मशीन घेतलं. धंदा जमतो की नाही ते बफेलोतून ठरवण्याची गरज नाही.

चीनचं ऐका. ती वस्तू फुकट येत नव्हती, त्यातला मोठा वाटा तुमचं टपालखातं सोसत होतं. 1874 साली बर्नमध्ये स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघाच्या हिशेबात, बाहेरून आलेलं पाकीट घरोघर पोचवायचे पैसे पाठवणारा देश पोचवणाऱ्याला देतो, आणि चीनसारख्या देशांसाठी तो दर फार कमी होता. यावरून अमेरिकेने 2018 मध्ये संघ सोडायची धमकी दिली, 2019 मध्ये जिनिव्हात तडजोड झाली आणि जुलै 2020 पासून अमेरिका आपला दर आपण ठरवू लागली. चिनी मालाची 800 ची सवलत तर 2 मे 2025 लाच गेली. कॅनडा त्या स्वस्त दराच्या देशांत नव्हता. आणि यंत्रावर हजारोंनी निघणाऱ्या झबल्याशी हाताने टाके घातलेल्या दुपट्याची बरोबरी करणार असाल तर माझ्याकडून घेऊच नका.

बाकीच्या तक्रारींना फार वेळ देत नाही. उशीर झाला कारण 25 सप्टेंबर 2025 ला कॅनडात देशभर टपाल संप सुरू झाला आणि पुढे तो आलटूनपालटून चालू राहिला, हे बातम्यांत होतं. बाळाचे कपडे परत घेत नाही, तसं पानावर लिहिलं आहे. 46 फोडून दाखवा म्हणता, तर माझ्या दुकानाच्या पानावर त्याला एकच रकाना आहे, आणि वर सगळं फोडून दाखवलंच आहे.

तुमचं पार्सल बांधून तयार आहे, शुल्क अजून भरलेलं नाही. दोन तासांचंच अंतर असेल तर या आणि घेऊन जा. 48 तासांच्या आत परतणाऱ्या अमेरिकेच्या रहिवाशाला घरगुती वापराचा 200 डॉलरपर्यंतचा माल सोबत विनाशुल्क नेता येतो, सीमेवर विचारतील तेव्हा सांगायचं फक्त. तुम्ही आलात तर 46 डॉलर पूर्ण परत करीन, चहाही देईन. यायचं नसेल तर शुक्रवार दुपारपर्यंत कळवा: पाठवू की रद्द करू. काहीच कळवलं नाहीत तर शुल्क भरून सोमवारी पोस्टात देईन, बारसं माझ्यामुळे अडायला नको.