वहिनींनी शिवलेला बटवा

काल रात्री साडेदहा वाजता आमच्या धनुर्विद्या क्लबाच्या स्पर्धेत बक्षीस म्हणून लोकरी बटवा मिळालेल्या एका विजेत्याने मला फोटो पाठवला. त्यात तळहातावर ठेवलेली, आखडलेली, सुकलेल्या वांग्यासारखी एक काळपट वस्तू होती आणि खाली लिहिले होते, "सर, बटवा मशीनमध्ये टाकला होता, जरा आटला. आता फिंगर टॅबसुद्धा आत जात नाही. वहिनींना सांगून दुसरा शिवून मिळेल का?" (फिंगर टॅब म्हणजे धनुष्याची दोरी ओढताना बोटांना लावायची छोटी पट्टी.)

जरा आटला! गरम पाण्यात, साबणाच्या पुडीसह, दोन जीन्सच्या पँटींबरोबर तासभर घुसळून काढल्यावर लोकर आटणार नाही तर काय बाळसे धरणार? बक्षीस देताना मी तोंडाने सांगितले होते, शिवाय प्रत्येक बटव्यात "गार पाण्यात, हाताने, न पिळता" अशी चिठ्ठी घातली होती. ती चिठ्ठीही या गृहस्थाने बटव्याबरोबरच धुतली असावी, कारण फोटो मोठा करून पाहिला तेव्हा नाडीच्या गोंड्याला कागदाचा लगदा चिकटलेला दिसला. मी तो फोटो किती वेळा मोठा करून पाहिला, हे सांगत नाही.

रिकर्व्ह, कंपाउंड आणि इंडियन राउंड अशा, धनुष्याच्या प्रकारावरून पडणाऱ्या तीन गटांत तीन-तीन क्रमांक, म्हणजे नऊ बटवे, आणि ते शिवले मी. माण तालुक्यातल्या एका सणगराकडून, म्हणजे घोंगड्या विणणाऱ्याकडून, घोंगडी आणली. चिंचोक्याची खळ लावलेल्या त्या विणीतून सुई सरळ जात नाही, ती ढकलावी लागते, आणि अंगुस्तान घालूनही माझ्या मधल्या बोटाला भोक पडायचे ते पडलेच. कडेला काज टाका, आत उलटी टीप आणि दर्शनी बाजूला साखळी टाक्याने भरलेले टार्गेट: बाहेरून पांढरा, काळा, निळा, लाल आणि मधोमध पिवळा. एका बटव्याला दोन संध्याकाळी लागल्या. ते सगळे पाहून आमचे कार्यवाह काय म्हणाले असतील? "मध्ये लाल हवा होता ना?" हा माणूस बारा वर्षे दर रविवारी त्याच पिवळ्यावर नेम धरतो आहे! बहुधा आजवर त्याचा बाण तिथे पोहोचलाच नसावा, म्हणून रंग लक्षात राहिला नसेल.

आणि वहिनी! बक्षीस समारंभात अध्यक्षांनी माईकवरून "वहिनींच्या कलाकुसरीबद्दल" आभार मानले, टाळ्या झाल्या, आणि माझ्या पत्नीने, जिने लग्नानंतरच्या एकोणीस वर्षांत माझ्या शर्टाचे एक बटणही लावलेले नाही, उभे राहून अत्यंत विनयाने नमस्कार केला. मी बोटाची पट्टी वर करून दाखवली, तर शेजारचा म्हणाला, "काय हो, बाण ओढताना लागलं का?" पुरुषाने सुई धरली की लोकांना एक तर हसू येते नाही तर दिसतच नाही, आणि यातले अधिक संतापजनक कोणते, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आता फोटोत तो बटवा फुगलेला का दिसतो, याचे उत्तर मात्र मला अडचणीत आणणारे आहे. घोंगडी आटली, टार्गेटचा रंगीत दोरा आटला नाही, कारण दुकानदाराने लोकर म्हणून दिलेला तो दोरा अ‍ॅक्रिलिकचा होता आणि मी तो न पारखता घेतला होता. त्यामुळे माझे टार्गेट टम्म पुरीसारखे वर आले आहे. शिवाय कापण्याआधी घोंगडी भिजवून, आटवून घ्यायची असते, हे शिवणकाम करणारी कोणतीही शहाणी व्यक्ती जाणते. मी घाईत तसे केले नाही, कारण मला स्पर्धेत उतरायचेही होते. तिथे माझे साठांपैकी चार बाण 18 मीटरवरून टार्गेटला लागलेच नाहीत आणि मी शेवटून दुसरा आलो. बटवा मिळण्याची शक्यता नसल्यामुळेच ते शिवण्याचे काम माझ्याकडे आले होते, हा खुलासा कार्यवाहांनी नंतर केला.

त्या विजेत्याला मी अजून उत्तर दिलेले नाही. उरलेली घोंगडी बाथरूममधल्या मोठ्या बादलीत भिजते आहे, घरभर मेंढीचा वास सुटला आहे, आणि बाहेरून विचारणा होते आहे की आज वहिनींनी आंघोळ कुठे करायची.