‘विद्यापीठात पोहोचला म्हणजे ऑटिझम नाही’ : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

गेले काही महिने एक मजकूर समाजमाध्यमांवरून हातोहात पुढे सरकत आहे. त्याखाली कधी एखाद्या प्राध्यापकाचे नाव असते, कधी नसते. मुद्दे मात्र तेच असतात. आशय थोडक्यात असा : जो विद्यार्थी प्रवेशपरीक्षा पार करून विद्यापीठापर्यंत आला त्याला खरा ऑटिझम (स्वमग्नता, म्हणजे संवाद, वर्तन आणि संवेदना बालपणापासून वेगळ्या असण्याची अवस्था) असूच शकत नाही, थोडेफार ऑटिस्टिक तर आपण सगळेच असतो आणि हल्ली निदानाचे पेव फुटले आहे, अशा लोकांना दुसऱ्याच्या भावना कळत नाहीत, म्हणून त्यांना त्यांच्या कोषात राहू देणेच बरे, परीक्षेतील सवलती म्हणजे इतर विद्यार्थ्यांवर अन्याय, आणि बाहेरच्या जगात कोणी सवलत देणार नाही, तेव्हा आताच सवय झालेली चांगली. मजकूर लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेलच असे नाही. परंतु हेच मुद्दे आता विभागांच्या बैठकांमध्ये गंभीर युक्तिवाद म्हणून मांडले जात आहेत, म्हणून त्यांना क्रमाने उत्तर देणे भाग आहे.

पहिला मुद्दा बुद्धीचा. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे वर्णन करणारा जो निबंध प्रसिद्ध केला, त्यापासून ऑटिझमच्या वैद्यकीय इतिहासाची सुरुवात मानली जाते. त्या निबंधातील पहिले मूल म्हणजे डोनाल्ड ट्रिपलेट. या माणसाने पुढे १९५८ मध्ये अमेरिकेतील मिलसॅप्स कॉलेजातून फ्रेंच भाषेची पदवी घेतली, बँकेत नोकरी केली, मोटार चालवली, देशोदेशी प्रवास केला आणि २०२३ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी त्याचे निधन झाले. म्हणजे ज्या मुलावरून या निदानाची व्याख्या सुरू झाली, तोच पदवीधर होता. ‘खरा ऑटिझम’ आणि पदवी यांचे वाकडे आहे हे म्हणणे पहिल्याच उदाहरणापाशी कोसळते. अर्थात, ट्रिपलेट यांच्या पाठीशी सुस्थित कुटुंब होते आणि त्यांच्या गावाने त्यांना आहेत तसे सामावून घेतले होते, हेही विसरून चालणार नाही. ते पाठबळ वजा केले असते तर त्यांचे आयुष्य कसे गेले असते, हा प्रश्न मजकुराच्या लेखकाने स्वतःला विचारायला हवा होता.

बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काहींमध्ये त्या एकत्र आढळतात, अनेकांमध्ये आढळत नाहीत. ज्यांना बोलता येत नाही, ज्यांना चोवीस तास सोबत लागते, अशाही ऑटिस्टिक व्यक्ती मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांच्या गरजा विद्यापीठातील विद्यार्थ्याच्या गरजांपेक्षा फार वेगळ्या आहेत. पण एकाची गरज मोठी आहे म्हणून दुसऱ्याची खोटी ठरत नाही.

मग प्रश्न उरतो तो असा की, शाळेत सगळे ठीक होते, मग पदवीच्या पहिल्या वर्षातच अडचण का उभी राहिली? याचे उत्तर निदानाच्या निकषांतच आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये जी पाचवी निदानपुस्तिका काढली, तीत लक्षणे बालपणापासून असली पाहिजेत असे म्हटले आहे. मात्र सामाजिक अपेक्षा व्यक्तीच्या आवाक्याबाहेर जाईपर्यंत ती पूर्णपणे दिसून येणार नाहीत किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली झाकली जातील, हेही तिथेच नमूद आहे. शाळेत वर्ग एकच असतो, बाक ठरलेला असतो, वेळापत्रक वर्षभर बदलत नाही आणि घरी कोणीतरी उद्याची आठवण करून देणारे असते. विद्यापीठात ही चौकट एका झटक्यात निघून जाते. तासाची खोली ऐनवेळी बदलते, तशी चिठ्ठी दारावर लागते किंवा लागतही नाही. बाकीचे विद्यार्थी एकमेकांना विचारत, घोळक्याच्या मागे जात नव्या खोलीत पोहोचतात. ज्याला अनोळखी माणसाला विचारणे हेच मोठे काम वाटते, तो जुन्या खोलीत वही उघडून बसून राहतो, तास बुडतो, आणि हजेरीपटावर त्याची नोंद निष्काळजी म्हणून होते. गणितातील त्याची गती या प्रसंगात त्याच्या काहीच उपयोगी पडत नाही.

दुसरा मुद्दा, ‘सगळेच थोडे थोडे ऑटिस्टिक असतात’ आणि निदानाचे पेव. हे वाक्य बहुधा धीर देण्यासाठी म्हटले जाते, पण समोरच्याची अडचण ते एका फटक्यात पुसून टाकते. गर्दीचा कंटाळा येणे, वस्तू जागच्या जागी लागणे, एखाद्या विषयाचे वेड असणे यांतून निदान होत नाही. वर उल्लेख केलेल्या निकषांनुसार सामाजिक देवाणघेवाणीच्या तिन्ही अंगांमध्ये (संभाषण-भावनांची देवाणघेवाण, देहबोली, नाती जोडणे आणि टिकवणे) सातत्याने अडचण असावी लागते, पुनरावृत्त वर्तन, एकसारखेपणाचा आग्रह, तीव्र आणि मर्यादित आवड, संवेदनांना वेगळा प्रतिसाद या चारांपैकी किमान दोन गोष्टी असाव्या लागतात, आणि या सर्वांमुळे दैनंदिन जगण्यात लक्षणीय अडथळा येत असावा लागतो. शेवटची अट महत्त्वाची आहे, आणि ‘सगळेच’ म्हणणारे नेमकी तीच गाळतात.

आकडे वाढले आहेत हे खरे आहे. अमेरिकेत आठ वर्षांच्या मुलांच्या सरकारी पाहणीत २००० साली १५० मुलांमागे एक असे प्रमाण होते, ते २०२२ च्या पाहणीत ३१ मुलांमागे एक झाले. परंतु या काळात मोजपट्टीही बदलली. अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम (भाषा आणि बुद्धीचा विकास मागे न पडलेल्यांसाठीचे निदान) ही १९९४ पासून वेगळी नोंद होती, ती २०१३ मध्ये ऑटिझमच्या एकाच वर्णपटात मिळवली गेली. त्याआधी ऑटिझम आणि एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता) ही दोन्ही निदाने एकाच व्यक्तीला देण्यास पुस्तिकेची मनाई होती. ती मनाईही तेव्हाच उठली. मुलींचे निदान तर कित्येक वर्षे लाजाळूपणा किंवा चिंताविकार म्हणून बाजूला पडत राहिले. जागरूकता आणि शाळांमधील तपासणी वाढली, ती वेगळीच. एवढे सगळे बाजूला ठेवून ‘फॅशन’ म्हणणे हा आळस आहे. वाढीचा प्रत्येक अंश यातून सुटतो असा माझा दावा नाही. परंतु ज्या विद्यार्थ्याचे निदान विसाव्या वर्षी झाले, तो विसाव्या वर्षी ऑटिस्टिक झाला असे मानण्याचे काहीही कारण नाही.

तिसरा मुद्दा सहानुभूतीचा. ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचे मन कळत नाही, या समजाचा एक उगम १९८५ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात आहे. मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी मुलांना दोन बाहुल्यांची गोष्ट दाखवली : एक बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून जाते, दुसरी ती तिथून काढून डब्यात ठेवते, परत आल्यावर पहिली बाहुली गोटी कुठे शोधेल? २० ऑटिस्टिक मुलांपैकी १६ मुलांचे उत्तर चुकले. प्रयोग महत्त्वाचा होता यात शंका नाही, पण त्यातून पुढे जे सरसकट निष्कर्ष काढले गेले त्यांना तेवढा आधार नव्हता. चार मुलांनी अचूक उत्तर दिले होते. शिवाय दुसऱ्याला काय माहीत आहे हे ओळखणे वेगळे आणि दुसऱ्याच्या दुःखाने अस्वस्थ होणे वेगळे. पहिल्याला वेळ लागणाऱ्या कितीतरी ऑटिस्टिक व्यक्ती दुसऱ्या बाबतीत इतरांपेक्षा अधिक हळव्या असतात. फक्त तो हळवेपणा चेहऱ्यावर ठराविक पद्धतीने उमटत नाही.

स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये हा प्रश्न उलटा मांडला. ऑटिस्टिक आणि बिगर-ऑटिस्टिक माणसांमधील गैरसमज दुतर्फी असतो, दोघांनाही एकमेकांचे मन नीट वाचता येत नाही, पण दोष एकाच्याच खात्यावर लिहिला जातो, हे त्यांचे म्हणणे. त्यानंतर संशोधक कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये कानगोष्टींच्या खेळासारखा एक प्रयोग केला. आठ-आठ जणांच्या साखळ्यांमधून एक गोष्ट पुढे सांगितली गेली. सर्व ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जितकी टिकली, तितकीच ती सर्व बिगर-ऑटिस्टिक साखळीत टिकली. मिश्र साखळीत ती लवकर झिजली. २०२५ मध्ये याच धर्तीवर तीनशेहून अधिक व्यक्तींवर जो मोठा अभ्यास झाला, त्यात मिश्र साखळीतील ही घसरण आढळली नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण ऑटिस्टिक व्यक्ती माहिती पोहोचवण्यात मुळातच कमी पडतात, या समजाला दोन्ही वेळा पुष्टी मिळाली नाही.

विद्यापीठात हा समज सर्वाधिक नुकसान करतो तो गटप्रकल्पात. पाच जणांचा गट बसतो, ‘बघू, करू आपण’ म्हणत उठतो, आणि त्या ‘बघू’मध्ये कोणी काय करायचे हे चौघांना न सांगता समजलेले असते. पाचवी विद्यार्थिनी आपल्या वाट्याला नेमके काय आले हे विचारते, तेव्हा तिला खोडसाळ समजले जाते. विचारत नाही, तेव्हा कामचुकार. कामाची वाटणी आणि तारखा पाच ओळींत लिहून काढल्या तर हा पेच बहुतांशी उरत नाही. मजकूर म्हणतो, त्यांना एकटे राहू द्या. त्यांना एकटेपणा हवा आहे की गोंगाटातून सुटका हवी आहे, हे विचारण्याची तसदी मात्र तो घेत नाही.

चौथा मुद्दा सवलतींचा, आणि खरा वाद इथेच आहे. सवलत अन्यायकारक आहे की नाही हे ठरवण्याआधी ती परीक्षा काय मोजण्यासाठी घेतली जाते, हे ठरवावे लागते. दोनशे जणांच्या सभागृहात गुणगुणणारी ट्यूबलाइट, खुर्च्यांचा करकराट, फेऱ्या मारणाऱ्या पर्यवेक्षकाच्या बुटांचा आवाज हे सर्व बहुतेकांच्या जाणिवेतून दहा मिनिटांत निघून जाते. ज्याच्या जाणिवेतून ते जात नाही, तो तीन तास प्रश्नपत्रिकेसोबत या आवाजांचीही परीक्षा देत असतो. त्याला लहान, शांत खोलीत बसवले तर प्रश्नपत्रिका तीच राहते, वेळ तोच राहतो, उत्तरपत्रिका तपासणारा तोच राहतो. वगळला गेला तो फक्त आवाज, आणि आवाज सहन करण्याची क्षमता मोजणे हा ऊष्मागतिकीच्या पेपरचा उद्देश कधीच नव्हता.

तोंडी परीक्षेत हे आणखी उघड होते. गुणपत्रिकेत ‘सादरीकरण आणि आत्मविश्वास’ असा रकाना असतो आणि व्यवहारात त्याचा अर्थ परीक्षकाच्या डोळ्यांत बघून न अडखळता बोलणे असा घेतला जातो. ज्या विद्यार्थ्याला डोळ्यांत बघितले की विचारांचा धागा सुटतो, तो टेबलाकडे पाहून अचूक उत्तर देतो आणि पाच गुण गमावतो. त्याने कोणते ज्ञान दाखवले नाही, हे त्या परीक्षकाला सांगता येणार नाही. लेखी परीक्षेतही ‘चर्चा करा’ या दोन शब्दांमागे किती बाजू, किती खोली, किती पाने अपेक्षित आहेत हे दडलेले असते; इतर विद्यार्थी ते गुणांवरून ताडतात, हा विद्यार्थी एका उपप्रश्नावर चार पाने लिहितो आणि शेवटचे दोन प्रश्न राहून जातात. ‘दोन बाजू मांडा, प्रत्येकीस एक उदाहरण द्या’ असे लिहिले तर प्रश्न सोपा होत नाही. तो फक्त पुरा लिहिला जातो, आणि त्याचा फायदा सर्वांनाच होतो.

इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. काही अभ्यासक्रमांत संवाद हेच कौशल्य असते. डॉक्टर होऊ पाहणाऱ्याला रुग्णाची हकीकत काढता आलीच पाहिजे. त्यातून सूट मागता येणार नाही आणि सहसा कोणी मागतही नाही. मात्र तिथेही हकीकत पूर्ण आणि अचूक निघाली का, रुग्णाला सल्ला समजला का हे मोजावे. मान किती वेळा हलवली हे मोजू नये. तसेच सर्वांना सरसकट जादा वेळ देऊन मोकळे होणे, ही पद्धतही मला पटत नाही. अनेकांना वेळ नको असतो, शांतता हवी असते. काहींना अर्धा तास आधी सूचना मिळाली तरी पुरते. गरज न विचारता दिलेली सवलत ही कागदोपत्री कर्तव्यपूर्ती ठरते.

कायद्याचीही बाजू आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००६ मध्ये संमत केलेल्या आणि जगातील बहुतेक देशांनी स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात, संस्थेवर अवाजवी भार न टाकता करता येण्याजोगे आवश्यक बदल नाकारणे हाच भेदभाव मानला आहे, आणि २४ व्या कलमात उच्च शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा ‘अन्याय’ हा शब्द वापरायचाच असेल तर तो कोणत्या बाजूला लागू होतो, हे तपासून वापरावा.

पाचवा मुद्दा, बाहेरचे जग. याच कराराचे २७ वे कलम कामाच्या ठिकाणी असेच बदल करण्याविषयी आहे, त्यामुळे बाहेर काहीच मिळणार नाही हे विधान मुळात चूक आहे. गंमत अशी की अनेक कार्यालयांत बैठकीची विषयपत्रिका आधी येते, ठरलेल्या गोष्टी नंतर लेखी मिळतात आणि कानाला हेडफोन लावून काम करण्याला कोणी हरकत घेत नाही. विद्यापीठातच यांतले काही नसते. राहता राहिली सवय. न जमणारे वर्तन जमल्यासारखे दाखवणे, म्हणजे हातांची हालचाल दाबून ठेवणे, हसण्याची वेळ मोजून हसणे, प्रत्येक संभाषणाची आधी तालीम करणे, हे कित्येक ऑटिस्टिक विद्यार्थी लहानपणापासून करतच आलेले असतात. या मुखवट्याची किंमत थकवा, चिंता आणि शेवटी अभ्यास अर्धवट सुटणे या रूपांत मोजावी लागते, असे ते स्वतः सांगत आले आहेत आणि गेल्या दशकातील संशोधनही त्यास दुजोरा देते. सवय नसणे ही अडचण नसून सवयीचा अतिरेक ही आहे.

मजकुराच्या शेवटी एक टोमणा आहे : ‘प्रमाणपत्र दाखवा, मग बोला.’ प्रौढ वयातील निदान बहुतेक ठिकाणी महाग असते, त्यासाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते आणि बालपणाची माहिती देणारे कोणी हाताशी नसेल तर ते अधिकच अवघड होते. वेगळी खोली किंवा परीक्षेच्या स्वरूपातील बदल यांसाठी कागद मागणे समजू शकते. पण खोली बदलल्याचा संदेश आदल्या दिवशी सर्वांना पाठवणे, प्रश्नात अपेक्षा स्पष्ट लिहिणे, गटातील वाटणी लेखी मागणे, ग्रंथालयाचा एक कोपरा मंद प्रकाशाचा ठेवणे, यांपैकी एकाही गोष्टीसाठी कोणत्याही विद्यार्थ्याला आपले निदान कोणापुढे ठेवावे लागत नाही, आणि विभागालाही त्यासाठी वेगळा ठराव करावा लागत नाही.