आपल्या गेटसमोरचं पाणी जातं कुठे?

मंडळी, मागच्या वर्षी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी शोषखड्ड्याचा, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्याचा, विषय काढला आणि तो दोन मिनिटांत गुंडाळला गेला. "आपण टॅक्स भरतो, नालेसफाई महापालिकेचं काम." हे वाक्य चुकीचं नाहीच. गाळ वेळेवर निघालाच पाहिजे, त्यावर भांडलंच पाहिजे. पण मुंबईची जुनी गटारं बांधली गेली ती तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने. मुंबईतल्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती क्षमता ५० करायला सांगितली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. त्यात भरती असली की पाणी समुद्रात जायचं सोडून मागे ढकललं जातं. गटार कितीही साफ असलं तरी त्या वेळेला पाण्याला वाटच नसते.

हे सगळं मी मीटिंगमध्ये सांगितलं होतं. कोणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

मग पावसाळ्यात एक वही केली. आम्ही कांदिवलीचे, पोईसर नदी दोन गल्ल्या पलीकडे. पाणी भरलं की वॉचमनकाका गेटच्या खांबावर विटेच्या तुकड्याने रेघ मारायचे, मी वहीत वेळ आणि भरतीची वेळ लिहायचे. तळमजल्यावरच्या काकूंचा फ्रिज जूनपासून चार विटांवर उभा असतो, त्याचाही फोटो घेतला. सप्टेंबरपर्यंत खांबावर सात रेघा होत्या. त्यातल्या दोन तर भरती नसतानाच्या. त्या दिवशी गटाराची जाळी उचलून पाहिली तर खाली थर्माकोल, दुधाच्या पिशव्या आणि आमच्याच आवारातला झाडलेला पाला.

पुढच्या मीटिंगला व्याख्यान दिलंच नाही. फक्त खांबाचा फोटो दाखवला आणि एक हिशोब मांडला. गच्ची आणि आवार मिळून आपली जागा साधारण हजार चौरस मीटर. तासाभरात ५० मिलिमीटर पडला की ५० हजार लिटर पाणी. म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर, जे आपण मे महिन्यात पैसे मोजून मागवतो आणि जुलैमध्ये स्वतःच्या हाताने शेजारच्या गल्लीत सोडतो. सगळं आवार पेव्हर ब्लॉकने मढवलंय, खाली सिमेंट, मुरणार कुठे? सेक्रेटरींनी खांबाचा फोटो पुन्हा बघायला मागितला, नीट निरखून पाहिला. ठराव पास झाला. झाडांभोवतीचे ब्लॉक काढायचे, गच्चीचा पाइप शोषखड्ड्यात सोडायचा. सगळं पाणी मुरणार नाही हे मी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. पण जेवढं मुरेल, तेवढं तरी नाल्यावर कोसळणार नाही.

मला मनापासून वाटतं, लोकांना आस्था नाही असं नाही. त्यांना आपल्या दारातलं पाणी कुठे जातं हे कुणी दाखवलेलंच नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या मुलांना पोईसर ही नदी आहे हेच माहीत नव्हतं, ती राष्ट्रीय उद्यानातून येते हे तर दूरच. सगळे तिला नालाच म्हणतात. पालिकेने प्रत्येक पुलावर साधी पाटी लावावी: हे पाणी कुठून येतं, कुठे जातं, यंदा गाळ कधी काढला. पंपिंग स्टेशन आणि भूमिगत टाक्यांवर खर्च होतो, तो व्हायलाच हवा, पण त्याचा आमच्या गल्लीशी संबंध काय हे वॉर्डातल्या माणसाला समजेल असं सांगा. मग तोच माणूस पाठीशी उभा राहील.

आमच्या गल्लीत पाणी अजून भरतं, कारण शेजारच्या तीन सोसायट्यांचं पाणी त्याच जाळीवर येतं. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता त्यांच्यातल्या एका सोसायटीत बोलावलंय. वही घेऊन जातेय.