टाकीची 'एक्सपायरी' अन् बाकी सगळं : भावकीच्या ग्रुपवर फिरू लागलेल्या मेसेजला माझं उत्तर

आमच्या भावकीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज आलाय, "फायर ब्रिगेडच्या मोठ्या साहेबांनी सांगितलेले सहा उपाय, दहा जणांना पाठवा, कुणाचातरी जीव वाचेल." मागच्या उन्हाळ्यात बी आला होता, तेव्हा साहेब मुंबईचे होते, औंदा नागपूरचे झालेत. मी सेलूत वायरिंगची कामं करतो, वीसेक वर्षं झाली, दिवसभर लोकांच्या स्वयंपाकघरात नाहीतर मीटरच्या बोर्डापाशीच असतो. म्हणून म्हणलं एकदा एकेक मुद्दा धरून लिहावं. सगळंच खोटं असतं तर बरं होतं, कुणी ऐकलं नसतं, पण ह्यात निम्मं खरं आहे अन् त्याच्या आडून दोन उपाय असे घुसवलेत की माणूस मरल.

"टाकीवर एक्सपायरी डेट असते, ती उलटली की टाकी म्हणजे बॉम्ब, अन् माणशी ५० लाखाचा विमा बुडतो."

टाकीच्या वरच्या कड्याखालच्या उभ्या पट्टीवर आतून जे लिहिलेलं असतं ती तपासणीची तारीख आहे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, अन् पुढं साल. बी-२७ असलं तर जून २०२७ च्या आत ती टाकी टेस्टिंगला गेली पाहिजे, एवढाच अर्थ. नवी टाकी १० वर्षांनी तपासतात, मग दर ५ वर्षांनी. बिस्किटाच्या पुड्यासारखं एक तारखेला लोखंड खराब होत नसतं. तरी तारीख उलटलेली टाकी दारात आली तर घेऊच नका, सरळ दुसरी मागा, तेवढा मुद्दा मेसेजचा बरोबर.

पण राग मला ह्याचा येतो की सगळे जण टाकी उलटीपालटी करून तारीख बघू लागलेत अन् नळीकडं कुणाचं ध्यानच नाही. गॅसची केशरी नळी असते, तारेची जाळी आत असलेली, ती ५ वर्षांनी बदलायची, तिच्यावर छापलेलं असतं. मी जातो त्या घरांत नळीवर तेलाची अन् पिठाची अशी पुटं चढलेली असतात की छापलेलं दिसतच नाही. कुठं कुठं तर उंदरानं कुरतडलेली नळी चिकटपट्टी गुंडाळून चालू आहे! दुसरं म्हणजे वायसर. टाकीच्या तोंडातला तो काळा रबरी वायसर चिरला की गॅस तिथूनच निघतो, तारीख कितीबी पुढची असू द्या. टाकी देणाऱ्या पोराला थांबवा, त्याच्या समोर रेगुलेटर लावा, साबणाचं पाणी सोडा, बुडबुडे आले की टाकी परत. काडी ओढून लीकेज बघणारे महाभाग अजून आहेत आपल्याकडं, त्यांना हात जोडून सांगतो, नका करू.

विम्याचं बी ऐका. सरकारी तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी विमा काढलेला असतो, आपल्याला वेगळा हप्ता नाही. मृत्यू झाला तर माणशी ६ लाख, दवाखान्याला माणशी २ लाखापर्यंत अन् एका घटनेला मिळून ३० लाखाच्या आत, घराच्या नुकसानीला २ लाखापर्यंत. माणशी ५० लाख कुणाला मिळत नाहीत. अपघात झाला की एजन्सीला लगेच लेखी कळवायचं, पोलिसात नोंद करायची. लोकं दुःखात असतात, महिनाभरानं जातात, मग पळापळ.

"गॅसचा वास आला की आधी एक्झॉस्ट फॅन लावा म्हणजे गॅस बाहेर जाईल."

हा तो पहिला जीव घेणारा उपाय. बटण दाबलं की आत बारीक ठिणगी पडते, दिसत नाही पण पडते, अन् भरलेल्या गॅसला तेवढी पुरते. वर आपला गॅस हवेपेक्षा जड, तो खाली फरशीवर पसरतो, ओट्याखाली साचतो, अन् पंखा असतो वर छताजवळ. म्हणून कुठलंच बटण दाबायचं नाही, चालू असलेलं बंद बी करायचं नाही, फ्रीजचा प्लग ओढायचा नाही. रेगुलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, टाकीला दोरीनं बांधलेलं टोपण असतं (बहुतेकांच्या घरी ते लेकरांनी खेळायला नेलेलं असतं) ते तोंडावर बसवा, बाहेर या अन् बाहेरूनच १९०६ ला फोन करा. हा गॅस गळतीचाच नंबर आहे, दिवसरात्र चालू.

अन् गावाकडं एक वेगळीच भानगड. उज्ज्वलाचा गॅस २०१६ पासून घरोघर आला, पण भाकरी अजून चुलीवरच, अन् चूल अन् टाकी एकाच खोलीत, चार हातावर. गॅस खालून पसरतो अन् चूल बी खालीच. दिल्लीमुंबईच्या मेसेजमध्ये हे कुठून येणार?

"कढईतल्या तेलाला आग लागली तर पाणी नका टाकू, मूठभर पीठ टाका."

पाणी नका टाकू हे सोळा आणे खरं. पाणी तेलाखाली जातं, क्षणात वाफ होते अन् पेटतं तेल घेऊन वर उडते. पण पीठ? पीठ स्वतःच जळतं हो, उडालेली पिठाची धूळ भपकन पेटते. खाली गॅस बंद करा अन् बाजूला जे सपाट असंल, परात, ताट, मोठं झाकण, ते कढईवर सरकवून ठेवा, वरून फेकू नका. मग उचलून बघायचं नाही, थंड होऊ द्यायचं. पेटलेली कढई धरून अंगणात पळणं तर अजिबातच नाही.

"टाकीनं पेट घेतला की पाच मिनिटात स्फोट होतो, टाकी सोडून पळा."

रेगुलेटरपाशी जाळ दिसला म्हणजे टाकी फुटायला लागली असं नाही, गॅस बाहेर येऊन तिथं जळतोय. जाळ लहान असंल अन् हात पोचत असंल तर ओलं पोतं नाहीतर ओली जाड चादर टाकीवर टाकून त्याच्या आडून रेगुलेटरचा खटका बंद करायचा. जाळ विझला पण गॅस सुसू करत राहिला तर ते जळण्यापेक्षा वाईट, त्यामुळं खटका महत्त्वाचा. पण आजूबाजूचं घर पेटलंय अन् टाकी बाहेरून तापू लागलीय, तर मात्र खरंच पळा, अशी टाकी फुटते.

"घरात एमसीबी असला की शॉर्टसर्किटची आग लागूच शकत नाही."

आता माझ्या धंद्यावर आले. एमसीबी म्हणजे करंट ठरल्यापेक्षा जास्त वाढला की आपोआप पडणारं बोर्डावरचं बटण. माझ्याच घरची गोष्ट सांगतो, लाज वाटते पण सांगतो. मे महिना, कूलरच्या एक्स्टेंशन बोर्डावरच बायकोनं इस्त्री लावलेली. आई सकाळपासून कटकट करू लागली की शेजारच्यांनी मासळी आणली वाटतं, वास येऊ लागलाय. आई माळकरी. मी बी हसण्यावारी नेलं. दुपारी बोर्ड हातात घेतला तर आतलं प्लास्टिक विरघळून काळं. जळक्या प्लगचा वास कधीकधी मासळीसारखाच येतो अन् हे मला ठाऊक असून डोक्यात आलं नाही. एमसीबी पडला का? नाही. हजार वॅटची इस्त्री साडेचार अँपिअर बी ओढत नाही अन् एमसीबी होता १६ चा, त्याला काय कळणार. पिन ढिली होती, ढिल्या जोडाला उष्णता होते अन् करंट वाढत नाही, म्हणून एमसीबी गप्प बसतो.

त्यामुळं पिन गरम लागली, बटण कुरकुरलं, लाईट लुकलुकली की वायरमनला बोलवा. सहा अँपिअरच्या बारक्या पिनवर तेराशे-चौदाशे वॅटच्या वर काही लावू नका, गिझर, शेगडी ह्यांना १६ चाच पॉइंट पाहिजे. जुन्या घरात फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळलेली असते, "सारखा उडतो म्हणून", अरे तो उडतो म्हणून तर घर वाचतंय! अन् ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळून अंगात जाऊ लागला की लगेच लाईट तोडणारं बटण, बसवून घ्या, कूलरच्या ओल्या पत्र्याला हात लागून जाणारी माणसं दर उन्हाळ्यात ऐकतो आपण.

"भाजलं की टूथपेस्ट नाहीतर हळद लावा."

नाही. वाहतं साधं पाणी, २० मिनिटं. बर्फ नाही, शाई नाही. चिकटलेला कपडा ओढू नका. १०८ ला फोन.

मेसेजमध्ये धुराबद्दल एक ओळ नाही, अन् लोकं बहुतेक धुरानंच जातात. छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत ३ एप्रिल २०२४ ला पहाटे खाली कपड्याच्या दुकानाला आग लागली अन् वरच्या मजल्यावरचं कुटुंब, सात जण, गुदमरून गेले. त्यामुळं दुकानावर राहणाऱ्यांनी अन् आपल्याकडं चोरांच्या भीतीनं जाळीला कुलूप लावून झोपणाऱ्यांनी किल्ली कुठं ठेवतो ते घरातल्या लेकरांना बी दाखवून ठेवा. धुरात उभं राहून पळायचं नाही, रांगत जायचं, खाली हवा असते.

१४ एप्रिलला अग्निशमन दिन असतो, १९४४ च्या मुंबई गोदीच्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या आठवणीत. आपल्याकडं त्या दिवशी सगळे जयंतीत असतात त्यामुळं हे कुणाच्या ध्यानात राहत नाही. गाडी बी तालुक्याहून येणार, पंधरावीस किलोमीटर, तोवर जे करायचं ते आपणच. १०१ सोबत नगर परिषदेच्या फायरचा थेट नंबर मोबाईलमध्ये टाकून ठेवा.

तर मेसेज दहा जणांना पाठवण्यापेक्षा असं करा. वाड्यातल्या कमलआत्या एकट्या राहतात, त्यांची नळी मी दिवाळीत बघितली होती, तडे गेलेत. रविवारी मी तिकडं येतोय, पिशवीत नव्या नळ्या आणतो, नळीचे पैसे द्या, मजुरी नको. कुणाकुणाची बदलायचीय ते खाली लिहा. अन् नानाकाका, तुम्ही लिहा बरं का, तुमची मी बघितलीय.