रोजची 20 मिनिटं

ताण घालवायला आठवड्यातला एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा, असं ताणावरच्या एका लेखात वाचलं. पटतं. पण आमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत ऑर्डरची घाई असली की रविवारही जातो. मी तिथं फौंड्रीत सुपरवायझर आहे. मधे अवस्था अशी झाली होती की रात्री पाठ टेकली तरी डोळ्यांसमोर भट्टीच, आणि घरात शिरलो की पोरांवर विनाकारण आवाज चढायचा.

मला फरक पडला तो कोल्हापुरातल्या रंकाळा तलावावर. ड्युटी सुटली की घरी जायच्या आधी 20 मिनिटं काठावर बसतो. मोबाईल गाडीच्या डिकीत. श्वास घेताना मनात 4 आकडे मोजायचे, सोडताना 6. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. मनगटावर बोट ठेवून बघा, नाडी हळू होताना कळते. पहिले आठ-दहा दिवस डोक्यात कामच फिरत होतं, तरी उठलो नाही.

दुसरं म्हणजे संध्याकाळचा चहा बंद. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण 5 तास लागतात, म्हणजे सातचा चहा मध्यरात्रीही अंगात असतो. त्याऐवजी शहरातल्या गंगावेशीत ग्लासभर दूध पितो.

ज्यांची झोप आठवडेच्या आठवडे उडालीय त्यांनी मात्र डॉक्टरांना दाखवाच, मी त्यात फार उशीर केला.

धाकटी आता गाडीचा आवाज आला की दारात पळत येते. मधे येत नव्हती.