विंडोज ११ने तुमचे अ‍ॅडमिन हक्क काढून घेतलेले नाहीत

हात जोडलेल्या इमोजीसह फिरणारा तो मेसेज माझ्याकडे तीन ग्रुपांवरून आला. सारांश असा: विंडोज ११ला अपग्रेड केले की मायक्रोसॉफ्ट तुमचे अ‍ॅडमिन हक्क, म्हणजे प्रोग्रॅम टाकायचे आणि मशीनमध्ये बदल करायचे अधिकार, काढून घेते. उपाय म्हणजे इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा, काळ्या खिडकीत एक कमांड टाइप करा, लपलेले ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ खाते चालू होईल, पुढे कायम तेच वापरा. नाहीच जमले तर फॉरमॅट मारा.

आधी पहिले वाक्य घेऊ. अपग्रेडमध्ये खात्यांचे प्रकार आहेत तसेच पुढे जातात. मग इतक्या लोकांना हक्क गेल्यासारखे का वाटते? आमच्या काकांचेच बघा. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. दिवाळीत चिरंजीव घरी आले, ११ टाकून परत गेले. आठवड्याने प्रिंटर रुसला, ड्रायव्हर नव्याने टाकायची वेळ आली आणि पासवर्ड मागणारी खिडकी उघडली. काकांनी स्वतःचा पिन दिला, तो चालला नाही. निष्कर्ष तयार: अपग्रेडने अ‍ॅडमिन काढला.

मी जाऊन ती खिडकी नीट वाचली. पासवर्डच्या चौकटीच्या वर चिरंजीवांच्या खात्याचे नाव लिहिलेले होते. मशीन घेतले तेव्हा पहिले खाते त्यांनी स्वतःचे काढले होते आणि वडिलांना साधे, म्हणजे स्टँडर्ड खाते करून दिले होते. बातम्या, बँक, व्हिडिओ कॉल यांना अ‍ॅडमिन लागतोच कुठे? तीन वर्षे कधी गरज पडली नाही, म्हणून कळले नाही. अपग्रेडने काही नेले नव्हते, होते ते फक्त दिसले. एक फोन झाला, पासवर्ड मिळाला, प्रिंटर सुरू.

तेव्हा आधी पाहा. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथे ‘युअर इन्फो’, अ‍ॅडमिन असाल तर नावाखाली तसे लिहिलेले असते. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेट लोकलग्रुप अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’ हे इंग्रजीत टाइप केले तर मशीनवरच्या सगळ्या अ‍ॅडमिनांची यादी येते. ही यादी बघायला अ‍ॅडमिन असावे लागत नाही. आणि विंडोजच्या फोल्डरमधली फाइल उडवताना ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ या विंडोजच्याच अंतर्गत खात्याची परवानगी मागितली, तर ते हक्क गेल्याचे लक्षण नव्हे. तिथे व्हिस्टा या जुन्या विंडोजच्या काळापासून अ‍ॅडमिनलाही मोकळे रान नाही.

आता ती कमांड. काकांनी माझ्या आधी ती तीनदा मारली होती, चिरंजीवांनी मागे ठेवलेल्याच पेनड्राइव्हवरून. तिन्ही वेळा ‘कमांड यशस्वी झाली’ असे उत्तर, आणि रीस्टार्टनंतर परिस्थिती जैसे थे. काळ्या खिडकीतल्या ओळीची सुरुवात वाचली असती तर उलगडा झाला असता. तिथे सी नव्हे, एक्स ड्राइव्ह असतो. पेनड्राइव्हवरून सुरू झालेले ते छोटे विंडोज मेमरीत चालते आणि त्याची खाती त्याची स्वतःची असतात. कमांडने चालू केला तो त्या पाहुण्या विंडोजचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. मशीन बंद झाले की पाहुणाही गेला आणि त्याचा अ‍ॅडमिनही. कमांड खोटे बोलली नाही, पण काम झाले शेजारच्या घरात.

मशीनवर एकही चालू अ‍ॅडमिन खरोखरच उरला नसेल तर लक्षण वेगळे असते: परवानगीच्या खिडकीत पासवर्डची चौकटच नसते आणि ‘यस’चे बटण दाबता येत नाही. त्यासाठी व्हिस्टापासून एक सोय ठेवलेली आहे. घरगुती मशीनवर शेवटचा अ‍ॅडमिन चुकून गेला असेल, तर सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी मोजक्या गोष्टींसह सुरू केलेल्या विंडोजमध्ये, लपलेल्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला आत येऊ देतात. दुसरा चालू अ‍ॅडमिन असेल तर नाही. व्हिस्टाआधीच्या एक्सपीच्या दिवसांत सेफ मोडला हे खाते बहुधा पासवर्डशिवायच उघडायचे. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात अजून तेच असावे.

‘कायम तेच वापरा’ हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. त्या खात्यात परवानगी विचारणारी खिडकी मुळात येतच नाही. मेलमधून आलेली नको ती फाइल तुम्ही उघडलीत, तर तिलाही न विचारता सगळे अधिकार. शिरा, आपले खाते अ‍ॅडमिन करा, बाहेर पडा आणि ते लपलेले खाते पुन्हा बंद करा.

राहिला फॉरमॅट. साध्या खात्यातूनही आपल्या फाइली पेनड्राइव्हवर घेता येतात, तेवढे तरी आधी करा. विंडोज नव्याने टाकणाऱ्या ‘रीसेट’मध्ये ‘कीप माय फाइल्स’ निवडले तरी श्रीलिपी, टॅलीसारखे बाहेरून टाकलेले प्रोग्रॅम जातातच. शिवाय ड्राइव्ह बिटलॉकर या विंडोजच्या सोयीने कुलूपबंद असेल तर वाटेत ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुतेक वेळा मशीन पहिल्यांदा लावणाऱ्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. म्हणजे काकांच्या बाबतीत, पुन्हा चिरंजीवांनाच फोन.