शांघायमधला शिनतियांदी भाग पाहिला म्हणजे जुनं शांघाय पाहून झालं? अजिबात नाही!

ट्रॅव्हल ग्रुप्सवर एक मेसेज सारखा फिरतोय: "शांघायच्या गल्ल्या म्हणजे हजारो वर्षांची चिनी वस्ती, सरकारने सगळी पाडली, फक्त शिनतियांदी जसंच्या तसं जपलंय तेवढं बघा, बाकी झोपडपट्टी." कृपा करून हे पुढे पाठवू नका.

हजारो वर्षं वगैरे काही नाही. या गल्ल्यांना तिथे लोंगतांग म्हणतात, आणि दगडी चौकट नि काळ्या लाकडी दाराच्या घरांना शिकुमेन. ताइपिंग बंडात, म्हणजे चीनमधल्या मोठ्या यादवी युद्धात, आजूबाजूच्या प्रांतांतून लोक जीव मुठीत धरून परदेशी वसाहतींच्या हद्दीत आले, त्यांना छप्पर हवं होतं, मग भाडं मिळतंय म्हणून एकाला एक लागून घरांच्या रांगा उठल्या, 1860 च्या आसपासची गोष्ट. रांगेची पद्धत युरोपातली, आतलं अंगण चिनी.

शिनतियांदी "जसंच्या तसं"? 2001 मध्ये लोकांसाठी खुला झालेला प्रोजेक्ट आहे तो. जुन्या विटा, चौकटी ठेवल्या, आतलं बरंचसं नवं बांधलं आणि राहणारी कुटुंबं दुसरीकडे हलवली. छान आहे, जा, कॉफी प्या, शेजारीच 1921 मध्ये कम्युनिस्ट पक्षाचं पहिलं अधिवेशन भरलं ते घर आहे तेही बघा. पण वस्ती नाहीये ती.

सगळं पाडलं? खूप पाडलं, हे खरंय आणि वाईटही वाटतं. पण दक्षिण शाआन्शी रोडवर (Shaanxi South Road) 1930 ची बुगाओली ही लोंगतांग उभी आहे, कमानीवर फ्रेंच नाव अजून आहे आणि आत माणसं राहतायत. झांगयुआन या दुसऱ्या जुन्या वस्तीत मात्र घरं वाचली, रहिवासी गेले, 2022 पासून तिथे शोरूम्स आहेत.

आणि झोपडपट्टी म्हणणं तर मला फारच लागलं. एका कुटुंबासाठी बांधलेल्या घरात पुढे चार-पाच बिऱ्हाडं आली, स्वयंपाकघर सामायिक, तरी प्रत्येकाचा दिवा वेगळा नि मीटर वेगळा, त्यामुळे एकाच छताला बल्बची रांग लटकलेली, ज्याची फोडणी त्याने आपला दिवा लावायचा. चाळीत वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. स्वयंपाकघरावरची उत्तरेकडची बारकी खोली, तिंगझीजियन, उन्हाळ्यात भट्टी नि थंडीत बर्फ, पण भाडं कमी म्हणून 1930 च्या दशकात कितीतरी गरीब लेखक तिथे राहून लिहायचे. हाल होतेच, बऱ्याच घरांत संडास नव्हता, रोज सकाळी भांडं बाहेर नेऊन रिकामं करायचं, त्यामुळे नवा फ्लॅट मिळाल्यावर खुशीने गेलेलेही पुष्कळ आहेत, त्यांना नावं ठेवू नका.

बुगाओलीत गेलात तर सावकाश चाला, हळू बोला, दार उघडं दिसलं तरी आत कॅमेरा घालू नका, आणि कमानीपाशी कोणी नको म्हणालं तर वाद न घालता परत फिरा.